हंसा मेहता: कुठल्या खुर्चीवरून हात किती लांब पोचतो

बडोद्यात हंसा मेहता हे नाव रोज घेतलं जातं, पण बहुतेकदा ते माणसाचं नसतं, लायब्ररीचं असतं. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या मुख्य ग्रंथालयाला त्यांचं नाव दिलेलं आहे. परीक्षा तोंडावर आल्या की "हंसा मेहतात जागा धरून ठेव" असे निरोप जातात. बाई कोण होत्या म्हणून विचारलं तर उत्तर एका ओळीत आटोपतं: युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. थोडं वाचन असलेला माणूस संयुक्त राष्ट्रांचं काहीतरी सांगतो. त्या राजकारणी होत्या, काँग्रेसकडून निवडून आल्या होत्या, सरकारात बसल्या होत्या, हे सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आणि जिथे येतं तिथे पदांची नुसती रांग असते. मुंबईच्या शाळा समितीच्या सदस्य, विधान परिषदेच्या सदस्य, संसदीय सचिव, अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष, संविधान सभेच्या सदस्य, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी, कुलगुरू, मुदलियार आयोगाच्या सदस्य, अभ्यासक्रम समितीच्या अध्यक्ष. वाचून छाती दडपते आणि हाती काही लागत नाही, कारण ही सगळी पदं एका मापाची नाहीत. एका ठिकाणी बसून कायदा करता येतो. दुसरीकडे पैसे मंजूर करता येतात. तिसरीकडे जूनपासून नवा वर्ग सुरू करता येतो. चौथीकडे मात्र शिफारस लिहायची आणि अहवाल सरकारच्या हवाली करून घरी जायचं. शिक्षण धोरण म्हणतात ते या जागांच्या अधेमधे कुठेतरी घडत असतं, आणि बऱ्याचदा तिथेच अडकूनही पडतं. हंसाबेन जवळजवळ अशा प्रत्येक जागी बसल्या, म्हणून धोरण चालतं कसं हे समजून घ्यायला त्यांची कारकीर्द फार सोयीची आहे.

आधी नातीगोती बघू. हंसाबेन १८९७ साली सुरतेच्या नागर ब्राह्मण घरात जन्मल्या. आजोबा नंदशंकर मेहता गुजरातीतले पहिले कादंबरीकार मानले जातात. वडील मनुभाई मेहता आधी बडोदा कॉलेजात शिकवायचे आणि पुढे सयाजीराव महाराजांचे दिवाण झाले. म्हणजे मुलगी वाढली ती राज्य चालवणाऱ्या घरात. आणि ते राज्यही कुठलं, तर १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू करणारं. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी तशाच धर्तीचं विधेयक १९११ मध्ये मांडलं, तर पुढच्या वर्षी ते नामंजूर झालं.

आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना कुठल्याही चांगल्या गोष्टीचं मूळ सयाजीरावांपर्यंत नेऊन पोचवल्याशिवाय चैन पडत नाही. सगळं श्रेय महाराजांच्या खात्यावर जमा केलं की आम्ही शेव-उसळ खायला मोकळे. हंसाबेनच्या बाबतीत ते थोडंफार रास्तही आहे. त्या बडोदा कॉलेजातूनच तत्त्वज्ञान घेऊन १९१८ मध्ये पदवीधर झाल्या, मग पत्रकारिता आणि समाजशास्त्र शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे सरोजिनी नायडूंशी ओळख झाली आणि १९२० मध्ये जिनिव्हाला भरलेल्या महिला मताधिकाराच्या परिषदेला दोघी बरोबर गेल्या. १९२४ मध्ये त्यांनी डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं. आडनाव एक असलं तरी जात वेगळी: डॉक्टर वाणी, या नागर ब्राह्मण. जातवाल्यांनी बहिष्कार घातला, महाराज मात्र पाठीशी उभे राहिले. दिवाणाच्या मुलीला राजाचा आधार मिळणं आणि गल्लीतल्या एखाद्या मुलीला मिळणं यात फरक आहे, हेही इथेच म्हणून टाकतो. हंसाबेनच्या धैर्याला त्यानं कमीपणा येत नाही, पण त्यांना दारं कशी उघडत गेली हे कळायला ते लक्षात ठेवावं लागतं.

डॉक्टरांमुळे संसार मुंबईत थाटला गेला. जीवराजभाई केईएम रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेजचे डीन झाले. हंसाबेन १९२६ मध्ये मुंबईच्या शाळा समितीवर निवडून गेल्या. शाळा समिती म्हणजे महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांचा कारभार बघणारी मंडळी: शिक्षक, इमारती, फळे, पाट्या. धोरणाच्या उतरंडीत ही सगळ्यात खालची पायरी, पण वर्गातल्या मुलाच्या सगळ्यात जवळची. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण हे खातं प्रांतांतल्या हिंदी मंत्र्यांकडे आलं होतं. इंग्रजांनी पोलीस आणि महसूल आपल्याकडे ठेवला आणि शाळा, दवाखाने आपल्या लोकांना दिले. खर्चाची खाती आपल्याला, वसुलीची त्यांना, असा तो सरळ हिशोब होता.

१९३० च्या कायदेभंगात परदेशी कापड आणि दारूच्या दुकानांवर निदर्शनं करणाऱ्या बायकांत त्या पुढे होत्या. तुरुंगवासही भोगला. त्यांची पक्षाशी बांधिलकी इथे पक्की झाली.

मग आलं १९३७. नव्या कायद्यानुसार प्रांतांत निवडणुका झाल्या. बायकांसाठी काही जागा राखीव होत्या. हंसाबेननी राखीव जागेवरून उभं राहायला नकार दिला, सर्वसाधारण जागा मागितली आणि मुंबई विधान परिषदेवर निवडून आल्या. बाळासाहेब खेरांचं सरकार आलं आणि त्यात त्या शिक्षण आणि आरोग्य खात्याच्या संसदीय सचिव झाल्या.

संसदीय सचिव या पदावरून नेहमी घोटाळा होतो. हा सचिवालयात फायली हलवणारा सनदी अधिकारी नव्हे. तो आमदारच असतो. मंत्र्याच्या हाताखाली काम करतो, सभागृहात खात्याच्या प्रश्नांना उत्तरं देतो, मंत्री नसतील तेव्हा खात्याची बाजू सांभाळतो. निर्णय मंत्र्याचा, ओझं बरंचसं याचं. आजही राज्यांत अशा नेमणुका झाल्या की त्या कोर्टात जातात, कारण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा घातली आणि संसदीय सचिव ही मागल्या दारानं दिलेली मंत्रिपदं आहेत असा आक्षेप येतो. १९३७ साली तसली अडचण नव्हती. सरकार कसं चालतं हे आतून शिकायची ती जागा होती. १९३९ च्या अखेरीस, युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या सरकारांनी राजीनामे दिले आणि दोन वर्षांत ते शिक्षण आटोपलं. विधान परिषदेत मात्र त्या १९४९ पर्यंत राहिल्या.

समांतर चाललेलं दुसरं काम होतं महिला परिषदेचं. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ मध्ये पुण्यात पहिल्यांदा भरली तेव्हा अध्यक्षपदी होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. सुरुवातच मुळी मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावरून झाली होती. पुढे चर्चा शिक्षणाकडून वारसा, विवाह, मताधिकार अशी पसरत गेली. हंसाबेन १९४५-४६ मध्ये या परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि त्या काळात परिषदेनं स्त्रियांच्या हक्कांची आणि कर्तव्यांची सनद तयार केली. अशा संघटनेच्या हातात ना कायदा ना पैसा. ती मागणी नीट शब्दांत बसवून ठेवते, एवढंच. पण तीच माणसं उद्या कायदा करणाऱ्या टेबलाशी बसली की तयार मजकूर खिशात असतो. तसंच झालं.

डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभा बसली. सभेत १५ बायका होत्या, मुंबईतून निवडून गेलेल्या हंसाबेन त्यातल्या एक. बहुतेक लेख इथे १४ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र सांगतात. भारताच्या स्त्रियांच्या वतीनं त्यांनी राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला, राजेंद्रप्रसादांनी तो स्वीकारला. प्रसंग मोठा होता यात वाद नाही. पण धोरणाच्या दृष्टीनं मला त्याआधीचे काही महिने जास्त महत्त्वाचे वाटतात, जेव्हा त्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीत बसत होत्या.

त्या उपसमितीचे अध्यक्ष होते आचार्य कृपलानी. आणि बडोद्याच्या माणसानं जरा थांबून पाहावं अशी तीन नावं त्या एका टेबलाभोवती होती. हंसाबेन, दिवाणाची मुलगी. कन्हैयालाल मुनशी, बडोदा कॉलेजचे विद्यार्थी, अरविंद घोषांच्या हाताखाली शिकलेले. आणि डॉ. आंबेडकर. गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, परत येऊन १९१७ मध्ये याच गावात नोकरीला रुजू झाले, आणि याच गावानं त्यांना राहायला छप्पर दिलं नाही. कमाटीबागेतली संकल्पभूमी, म्हणजे आंबेडकरांचं इथलं स्मारक, दाखवायला पाहुण्यांना नेताना आम्ही शिष्यवृत्तीचं मोठ्यानं सांगतो आणि बाकीचं हळू आवाजात. तिघांना बडोद्यानं तीन तऱ्हांनी घडवलं होतं.

त्या उपसमितीत ठरलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. हक्क दोन प्रकारचे करायचे ठरले. पहिल्या प्रकारचा हक्क सरकारनं मोडला तर नागरिक थेट कोर्टात जाऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात सरकारला मार्गदर्शन असतं, ते पाळलं नाही तर कोर्ट काही करू शकत नाही. मोफत प्राथमिक शिक्षण उपसमितीच्या मसुद्यात हक्क म्हणून लिहिलेलं होतं. पुढच्या टप्प्यात, सल्लागार समितीपाशी ते दुसऱ्या प्रकारात ढकललं गेलं. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात मग असं आलं की सरकारनं दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करावा. प्रयत्न करावा, म्हणजे केला नाही तर विचारणारं कुणी नाही. १९५० पासूनची दहा वर्षं १९६० ला संपली. ८६ वी घटनादुरुस्ती २००२ मध्ये आली, तिनं तो मूलभूत हक्क केला, आणि शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. बडोद्यातल्या सक्तीच्या कायद्यानंतर १०४ वर्षांनी.

समान नागरी कायद्याचंही तसंच. तो कोर्टात मागता न येणाऱ्या भागात टाकायचा ठरलं तेव्हा हंसाबेन, राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानी या तिघांनी वेगळं मत लेखी नोंदवलं. ते मान्य झालं नाही. समितीत बसणाऱ्याच्या हातातलं शेवटचं हत्यार म्हणजे हे वेगळं मत. निर्णय बदलत नाही, पण पुढच्या पिढीला कागद सापडतो.

संयुक्त राष्ट्रांची गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितली गेली आहे की मी थोडक्यात आवरतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. हंसाबेननी तो बदलून 'सर्व माणसं' असा घ्यायला लावला. एलिनॉर रूझवेल्ट आयोगाच्या अध्यक्ष होत्या, त्यांना आधी यात काही अडचण दिसत नव्हती. तो जाहीरनामा कुठल्याही देशावर कायद्यानं बंधनकारक नव्हता, आणि तरी जगभरच्या राज्यघटनांनी तो समोर ठेवला.

आता मुख्य गोष्ट, युनिव्हर्सिटी. बडोद्याला स्वतंत्र विद्यापीठ असावं हा विचार सयाजीरावांच्या काळापासूनचा. १९२६-२७ मध्ये त्यासाठी आयोगही नेमला होता. पण महाराज १९३९ मध्ये गेले तोवर बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाशीच जोडलेलं होतं. चिझम या वास्तुविशारदानं बांधलेल्या त्या घुमटाच्या इमारतीत शिकायचं आणि पदवी मुंबईची घ्यायची. प्रतापसिंहराव महाराजांच्या काळात कायदा झाला आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ ला अस्तित्वात आलं. दुसऱ्या दिवशी, १ मे ला, बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

या एका दिवसाच्या फरकाकडे बघण्यासारखं आहे. विलीनीकरणानंतर बडोद्याला स्वतःचा कायदा करायचा अधिकारच उरणार नव्हता. विद्यापीठ हवं तर मग मुंबईच्या सरकारकडे अर्ज करून वाट बघत बसावं लागलं असतं, आणि मुंबईला तेव्हा इतर प्रदेशांच्या मागण्याही मार्गी लावायच्या होत्या. संस्थानानं संपता संपता शेवटची सही केली ती युनिव्हर्सिटीसाठी.

ती सही करणाऱ्या सरकारचं प्रमुखपद कोणाकडे होतं? १९४८ पासून बडोद्याच्या लोकनियुक्त सरकारचे प्रमुख होते डॉ. जीवराज मेहता. आणि पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. आज हे घडलं असतं तर टीव्हीवर संध्याकाळभर चर्चा रंगली असती. पुढे जीवराजभाई मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते, म्हणजे विद्यापीठाला अनुदान देणाऱ्या तिजोरीची किल्ली त्याच घरात. हा मुद्दा गौरवपर लेखांत गाळला जातो, तो गाळू नये असं माझं मत आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी. १९४९ साली प्राथमिक शाळांचा कारभार, सरकारी खातं, संविधान सभा आणि आंतरराष्ट्रीय संस्था या सगळ्याचा अनुभव असलेला दुसरा माणूस शोधायला गेलं असतं तर कठीणच होतं. महर्षी कर्व्यांनी उभ्या केलेल्या महिला विद्यापीठाचं, म्हणजे एसएनडीटीचं कुलगुरूपदही त्यांनी सांभाळलं होतं. मुलगे आणि मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाची कुलगुरू बाई, हे देशात पहिल्यांदाच होत होतं.

कुलगुरू काय करू शकतो हे विद्यापीठ कुठल्या जातीचं आहे यावर ठरतं. मुंबई, पुणे ही संलग्न महाविद्यालयांची विद्यापीठं. शेकडो कॉलेजं, प्रत्येकाची संस्था वेगळी, संस्थाचालक वेगळे. विद्यापीठ अभ्यासक्रम आखतं, परीक्षा घेतं, शिकवतात मात्र कॉलेजं. तिथे नवीन विषय सुरू करायचा तर आधी तो कुणीतरी शिकवायला तयार व्हावा लागतो. बडोद्याची युनिव्हर्सिटी एकसंध आहे. शिकवणं, परीक्षा, पदवी सगळं एका छताखाली. म्हणून इथे कॉलेज म्हणत नाहीत, फॅकल्टी म्हणतात. "कुठल्या कॉलेजात?" या प्रश्नावर बडोद्याचा विद्यार्थी "सायन्स फॅकल्टीत" किंवा "फाइन आर्ट्सला" असं उत्तर देतो ते यामुळे. अशा विद्यापीठात कुलगुरूच्या मनात असेल आणि सिंडिकेट, म्हणजे विद्यापीठाचं कार्यकारी मंडळ, बरोबर असेल तर वर्षभरात नवं दालन उभं राहू शकतं.

हंसाबेननी नेमकं तेच केलं. पहिल्या दीड-दोन वर्षांत गृहविज्ञान, समाजकार्य आणि ललित कला अशा फॅकल्टी उभ्या राहिल्या. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे यातला एकही विषय 'विद्यापीठाचा' नव्हता. स्वयंपाक आईकडून शिकायचा, समाजसेवा मनानं करायची आणि चित्रं आर्ट स्कूलमध्ये काढायची. ललित कलेत डिप्लोमा मिळायचा, पदवी हा प्रकार नवा होता. चित्रकला विभागाची धुरा आली नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे. बेंद्रे इंदूरचे, चित्रकार देवळालीकरांचे शिष्य. इंदूरचा मराठी चित्रकार बडोद्याच्या गुजराती कुलगुरूंच्या विद्यापीठात येतो आणि त्या फॅकल्टीतून पुढच्या काळात देशातली नामांकित चित्रकार मंडळी बाहेर पडतात, यात आम्हाला उगीचच घरचं कार्य असल्यासारखं वाटतं.

शिकवण्याचं माध्यम इंग्रजी ठेवलं गेलं. गुजरातमधल्या इतर विद्यापीठांपेक्षा हा वेगळा रस्ता होता आणि त्यावर टीकाही झाली. त्यामुळे देशभरातून विद्यार्थी येऊ शकले हे खरं, आणि मराठी किंवा गुजराती शाळेतून आलेल्या मुलाचं पहिलं वर्ष डिक्शनरीत जायचं हेही खरं.

कुलगुरूपद त्यांच्याकडे १९५८ पर्यंत राहिलं. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्या काळात ज्या कायद्यावर हे सगळं उभं होतं तो बडोद्याचा १९४९ चा कायदा आता राहिलेला नाही. २०२३ मध्ये गुजरात सरकारनं सरकारी विद्यापीठांसाठी एकच सामाईक कायदा केला आणि निवडून येणाऱ्या सेनेट-सिंडिकेटच्या जागी बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. कारभार सुटसुटीत होईल असं सरकारचं म्हणणं, स्वायत्तता गेली असं विरोध करणाऱ्यांचं. कुलगुरूंची खुर्ची तीच दिसते, पण तिचे पाय कुठल्या कायद्यावर टेकलेत ते बदललं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आणखी एक फरक जाणवेल. राजकारणी आणि शिक्षण हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे शिक्षणसम्राट उभा राहतो: स्वतःचा ट्रस्ट, स्वतःची इंजिनिअरिंग कॉलेजं, कमानीवर वडिलांचं नाव. हंसाबेननी स्वतःच्या मालकीची एकही संस्था काढली नाही. त्यांनी जे केलं ते सार्वजनिक संस्थांच्या आत बसून.

उरल्या शिफारस करणाऱ्या खुर्च्या. १९५२ मध्ये केंद्र सरकारनं डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला, हंसाबेन त्याच्या सदस्य होत्या. जुन्या पिढीला आठवत असतील त्या बहुउद्देशीय शाळा या आयोगाच्या अहवालातून आल्या: एकाच शाळेत शेती, तांत्रिक, वाणिज्य, गृहशास्त्र असे फाटे. आयोगांचं एक समजून घेतलं पाहिजे. शिक्षण तेव्हा राज्यांच्या यादीत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ते समवर्ती यादीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असं झालं. १९५२ साली केंद्रानं नेमलेला आयोग फार तर राज्यांना सल्ला देऊ शकत होता, आणि थोडं अनुदान दाखवून त्यांचं मन वळवू शकत होता. राज्याला पटलं तर ठीक, नाही तर अहवाल कपाटात.

मुदलियार आयोगानं मुलींच्या आणि मिश्र शाळांत गृहशास्त्राची खास सोय असावी असं सुचवलं होतं. त्यानंतर १९५८-५९ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या समितीनं मुलींच्या शिक्षणावर मोठा अहवाल दिला. प्राथमिकला सारखा अभ्यासक्रम आणि पुढे मुलींसाठी थोडा वेगळा, असा तिचा कल होता. मग प्रश्न उरला: वेगळा म्हणजे किती आणि कशासाठी? त्यासाठी १९६२ मध्ये जी समिती नेमली तिच्या अध्यक्ष हंसा मेहता. अहवाल आला १९६४ मध्ये.

तो अहवाल आज वाचला तरी ताजा वाटतो. आवड आणि कुवत ही माणसागणिक बदलते, मुलगा-मुलगी यावर ती ठरत नाही, त्यामुळे अभ्यासक्रम त्या पायावर वेगळे करू नयेत अशी त्याची मूळ भूमिका. समाज अजून तिथवर पोचलेला नाही, म्हणून मधल्या काळात थोडा फरक चालवून घ्यावा लागेल हेही समितीनं कबूल केलं. आणि गृहशास्त्र? ते माध्यमिकच्या आधीच्या वर्गांत मुलगे आणि मुली दोघांनाही समान विषय म्हणून शिकवावं. ज्या बाईंनी विद्यापीठात गृहविज्ञानाला पदवीची प्रतिष्ठा दिली त्याच बाई म्हणत होत्या की हा विषय मुलींच्या गळ्यात बांधू नका. यात विसंगती काहीच नाही. घर चालवणं हे शास्त्र असेल तर ते अर्ध्याच वर्गाला का शिकवायचं?

आमच्या मराठी शाळेत शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासांना मुली शिवणाच्या वर्गात जायच्या आणि आम्ही मुलगे सुतारकामाला. मुलींना रुमालाला टीप घालायला लावायचे, आम्हाला पाटाला खिळा ठोकायला. त्या अहवालाला तेव्हा बरीच वर्षं उलटून गेली होती. मला वाटत नाही की आमच्या शिवणाच्या बाईंच्या कानावर तो कधी पडला असेल. गुंडी लावायला मी शिकलो ते वसतिगृहात गेल्यावर.

अहवाल अगदी वाया गेला असं मात्र नाही. १९६४ ते ६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग काम करत होता. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. कोठारी आयोगानं हंसा मेहता समितीचं म्हणणं उचलून धरलं आणि गृहशास्त्र मुलींना सक्तीचं करू नये, ऐच्छिक ठेवावं असं सांगितलं. कोठारींच्या अहवालावरून १९६८ चं राष्ट्रीय धोरण आलं. एका समितीचा कागद दुसऱ्या आयोगात, तिथून धोरणात, तिथून राज्याच्या मंडळात, तिथून वेळापत्रकात. प्रत्येक टप्प्यावर थोडं गळतं.

समितीनं पाठ्यपुस्तकांकडेही बोट दाखवलं होतं. बायकांचं दुय्यम चित्र मुलांच्या मनावर बिंबणार नाही अशी पुस्तकं हवीत, हा तिचा आग्रह होता. त्या वेळच्या पुस्तकांत आई चुलीपाशी आणि बाबा वर्तमानपत्रामागे, हे ठरलेलं. २०१९ मध्ये पुण्याच्या बालभारतीनं दुसरीचं नवं पुस्तक काढलं. त्यात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले आणि त्याची देशभर बातमी झाली. समितीच्या अहवालानंतर ५५ वर्षांनी.

बडोद्यातल्या मराठी शाळांतल्या मुलांच्या दप्तरात मात्र बालभारती नसते. गुजरातचं पाठ्यपुस्तक मंडळ मराठी माध्यमासाठी जी पुस्तकं छापतं ती असतात. भाषा एक असली तरी त्यातलं चित्र बदलायची सही गांधीनगरला होते.